जेटीवरून गरवताना दोरी सारखी तुटते? आधी तुटलेलं टोक बघा

लक्षणं

मासा लागतो, रॉड वाकतो, रीळ दोन-चार वेळा कुरकुरतं आणि एकदम हातात काहीच उरत नाही. किंवा मासा सरळ बाहेर पळतोय तोवर ठीक, खांबाकडे वळला की खेळ संपला. किंवा मासाबिसा काही नाही, फेकतानाच 'टक्' होतं, दोरीला बांधलेलं शिशाचं वजन एकटंच लांब जाऊन पडतं आणि दोरी वाऱ्यावर हेलकावत खाली येते. किंवा गळ तळाला अडकला म्हणून ओढावं, तर गाठीपाशी न तुटता भलतीकडेच, वर कुठेतरी तुटते आणि वीस-तीस मीटर दोरी पाण्यात जाते.

आणि सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे नवी दोरी भरली, आधीपेक्षा जाड भरली, तरी दोन-तीन फेऱ्यांत पुन्हा तेच.

हे शेवटचं लक्षण तुमचं असेल तर बिचाऱ्या दोरीवरचा आरोप मागे घ्या. मी एकाच मोसमात तीन वेळा रीळ रिकामं करून पुन्हा भरलं होतं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा महाग दोरी, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या कुणाचा तरी सल्ला, 'अजून जाड घ्या.' शेवटी दोष निघाला रॉडच्या टोकावरच्या, दोरी जिच्यातून जाते त्या कडीत. चीर केसाएवढी होती. त्यानंतर इतक्या जणांच्या रॉड-रिळांवर हाच शोध घेतलाय की तपासणीचा क्रम आता ठरून गेलाय. फुकटातलं आधी, स्क्रू खोलायचं शेवटी.

टोक वाचा

तुटली की लोक वैतागून उरलेली दोरी गुंडाळतात, टोक छाटतात आणि नवा गळ बांधायला घेतात. पुरावा गेला. छाटण्याआधी टोक नखावर धरून उजेडात बघा. डोळे साथ देत नसतील तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा.

टोक पेनातल्या स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटलीय. टोक सपाट, कात्रीने कापल्यासारखं असेल तर काहीतरी धारदार लागलंय. माशाचे दात, कालवाची कड, फुटलेली कडी, यांपैकी काहीही. टोकाआधीची वीतभर दोरी पांढरट, खरखरीत झाली असेल तर ती कापली गेली नाही, घासली गेली. टोक निमुळतं होत गेलं असेल, म्हणजे ताणून बारीक झालेलं दिसत असेल, तर तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार आला, मग ड्रॅगकडे, म्हणजे ठरलेल्या ओढीला दोरी सोडणाऱ्या रिळाच्या ब्रेककडे बघायचं. हे वाचन साध्या नायलॉनच्या दोरीचं, म्हणजे तंगुसाचं. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या दोरीचं टोक नेहमीच थोडं पिंजलेलं असतं. तिच्यात धागे कमी-जास्त लांबीचे सुटले असतील तर घासणं, सगळे एकाच रेषेत संपले असतील तर कापणं.

दुसरी गोष्ट, तुटली कुठे? लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला दोरीचा वेगळा तुकडा, किती लांब बांधला होता हे माहीत असेल तर परत आलेला तुकडा मोजून लगेच कळतं. गळापाशी तुटली तर दात किंवा गाठ. लीडर आणि मुख्य दोरीच्या जोडावर तुटली तर जोड. त्याच्याही वर, मुख्य दोरीतच तुटली तर संशय खांबांवर, कड्यांवर किंवा रिळावर. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढच्या निम्म्या तपासण्या वाचायचीही गरज पडत नाही.

शेवटचा दीड मीटर

गळाच्या वरचा दीड मीटर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून हळू ओढा. डोळे मिटून ओढलेलं बरं. जिथे खरखर लागेल तिथून वरचा चांगला भाग धरून बाकी छाटा. नदीच्या तोंडाशी तळ कधीच नुसत्या वाळूचा नसतो. पुरात वाहून आलेले ओंडके, शिंपल्यांचे ढीग, जुन्या जाळ्यांचे तुकडे, त्यावर शिसं प्रवाहाबरोबर सरपटत राहतं आणि शेवटचा भाग सतत घासला जातो. मी दर तासाला एकदा आणि प्रत्येक अडकण्यानंतर न चुकता बघतो. मासा निसटला तरी बघतो, कारण तो जाता जाता दोरीला चाटून गेलेला असतो. जिताड्यासारख्या माशाला टोकदार दात नसतात, पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. तो डोकं झटकतो तेव्हा दोरी कापते ती तिथे.

गाठ

टोक स्प्रिंगसारखं वळलेलं होतं त्यांच्यासाठी हा भाग. बाकीच्यांनी नुसती नजर टाकली तरी चालेल.

गाठ आवळण्याआधी ओली करा, पाण्याने किंवा थुंकीने. कोरडी आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं गाठीतच कमजोर होतं. आवळताना एकच झटका नको, सावकाश. आवळल्यावर शेंडी दोन-तीन मिलिमीटर ठेवा, अगदी कापून घेऊ नका.

तंगुसाला चालणारी गाठ ब्रेडेडला चालेलच असं नाही. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते आणि साध्या पाच वेढ्यांच्या गाठीतून सरकते. तिला दुहेरी दोरीने पालोमार गाठ बांधा. लीडरच्या जोडाला डबल युनी शिकून घ्या, ती अंधारात आणि वाऱ्यातही बांधता येते. एफजी गाठ बारीक आणि भक्कम असते, कड्यांतून सहज जाते, पण ती घरी बसून वीस वेळा बांधल्याशिवाय जेटीवर वापरू नका. अर्धवट जमलेल्या एफजीपेक्षा नीट बांधलेली डबल युनी कधीही बरी.

ओहोटीला एकदा गळ न घेता जा

ही तपासणी फुकट आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही. अमावस्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या दिवसांत पाणी सगळ्यात खाली जातं. त्या ओहोटीला जेटीवर जाऊन नेहमी उभे राहता तिथून खाली बघा.

खांबाचा वरचा भाग साफ दिसेल. भरतीच्या रेषेखाली पांढरट-करडा थर सुरू होतो, ती बार्नॅकलची, म्हणजे खांबाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या बारीक जिवांची पुटं. त्याच्या आसपास आणि खाली कालवं चिकटलेली असतात, कडा बाहेर काढून. भरतीला हे सगळं पाण्याखाली असतं आणि तुम्ही मजेत त्याच्या अंगावरून दोरी ओढत असता. मी एकदा हाताला येणाऱ्या कालवावर जुन्या दोरीचे तुकडे घासून पाहिले. जाड तंगूस पाच-सहा घासांत पांढरं पडलं, पण टिकलं. ब्रेडेड सैल होती तोवर काही झालं नाही. ताणून धरली आणि एकदाच टेकवली, हातात दोन तुकडे. त्या दिवसापासून खांबांजवळ ब्रेडेड दोरी थेट गळाला बांधत नाही. पुढे किमान दीड-दोन मीटर जाड लीडर लावतो. फ्लुरोकार्बन, म्हणजे तंगुसासारखीच दिसणारी पण वेगळ्या प्लास्टिकची दोरी, असेल तर उत्तम, ते घासण्याला नायलॉनपेक्षा जास्त टिकतं आणि पाणी शोषत नाही. नायलॉन पाणी शोषतं, आणि ओलं नायलॉन कोरड्यापेक्षा थोडं कमजोर असतं.

फोटो काढून ठेवा. कोणत्या खांबाला आडवी तुळई आहे, कुठे तुटका लोखंडी गज बाहेर आलाय, कुठे कुणाच्या गळांचे झुबके लोंबताहेत, सगळं दिसतं. माझ्या नेहमीच्या जागेखाली एक कापलेला जुना खांब होता, पाण्याखाली बुडालेला. तिथे किती शिसं गेलं असेल याचा हिशोब न केलेलाच बरा.

आता प्रवाह. नदीच्या मुखाशी पाणी एकाच दिशेने वाहतंय असं वरून वाटतं, पण दर वेळी तसं नसतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. भरती सुरू होते तेव्हा खारं पाणी तळाशी पाचरीसारखं आत शिरत असतं आणि वरचं गोडं पाणी अजून समुद्राकडेच निघालेलं असतं. तुमची दोरी या दोन्हींतून खाली जाते. वरचा भाग एकीकडे ओढला जातो, खालचा दुसरीकडे, मध्ये पोट सुटतं आणि ते पोट खांबाला जाऊन टेकतं. गळ टाकलाय खांबापासून दहा मीटरवर, आणि घासतेय मात्र दोरी. मासा लागला की ते पोट ताणलं जातं आणि कालवाच्या कडेवर करवतीसारखं चालतं.

उपाय सोपा आहे. प्रवाह दोरीला जेटीपासून दूर नेईल त्या बाजूला उभं राहा, जेटीखाली ढकलेल त्या बाजूला नाही. साधारण सव्वासहा तासांनी पाणी वळतं, तेव्हा बादली उचलून पलीकडच्या बाजूला जा. लोकांना जागा सोडवत नाही, हे मला माहीत आहे. चांगली जागा मिळवायला पहाटे आलेले असतात. पण भरतीची चांगली जागा ओहोटीला दोरीची वैरीण होते. पाऊस पडून गेल्यावर तर ओहोटीचा जोर आणखी वाढतो, कारण नदीचं पाणी त्यात मिसळतं. वर पाला, फांद्या, जलपर्णी दोरीला लटकतात. तो भार वेगळाच.

ड्रॅग

टोक ताणून बारीक झालेलं होतं त्यांनी हे नीट करा. साधा स्प्रिंगचा ताणकाटा घ्या. दोरी कड्यांतून ओवून काट्याला बांधा, रॉड थोडा वाकेल असा धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी काटा ओढायला सांगा. रीळ दोरी सोडायला लागेल तो आकडा बघा. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात तो हवा. म्हणजे 10 किलोच्या दोरीला अडीच ते साडेतीन किलोच्या आत. हाताने ओढून 'बरोबर वाटतंय' म्हणणारे बहुतेक जण दुप्पट घट्ट ठेवतात असा माझा अनुभव आहे. मीही त्यातलाच होतो.

इतकं कमी का? कारण मासा लांब पळतो तसा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली रिळाची चकरी, रिकामा होतो, त्यावरच्या दोरीची त्रिज्या घटते आणि तोच ड्रॅग जास्त जड जायला लागतो. भरलेल्या स्पूलची त्रिज्या 30 मिलिमीटर असताना तुम्ही 3 किलो लावलात, तर ती 20 वर आल्यावर मासा साडेचार किलोने ओढल्याशिवाय दोरी सुटत नाही. त्यात पाण्यातल्या लांब दोरीला प्रवाहाची ओढ, कड्यांवरचं घर्षण आणि ओल्या गाठीची घट धरा. वरून उंच जेटीवरचे आपण घाबरून रॉड सरळ आकाशाकडे उभा करतो, त्याने घर्षण आणखी वाढतं. मासा जोरात पळत असेल तेव्हा रॉड खाली त्याच्या दिशेने झुकवा, ओढ लगेच कमी होते.

काटा ओढताना दोरी एकसारखी सुटली पाहिजे. थांबते, एकदम सुटते, पुन्हा थांबते असं होत असेल तर ड्रॅगच्या चकत्यांमध्ये मीठ किंवा ओल आहे. पहिल्या झटक्याला दोरी तुटते ती यामुळे. चकत्या काढून पुसणं हे बहुतेक रिळांत अवघड नाही, फक्त काढलेल्या क्रमाने एका फडक्यावर मांडत जा आणि फोटो काढा. घरी परतल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोडं पाणी हलकेच ओता, मग ड्रॅग पूर्ण सैल सोडून वाळवा. नळाचा जोरदार फवारा मारू नका, मीठ निघण्याऐवजी आत जातं.

कड्या

माझा तीन रिळांचा चोर इथे सापडला.

कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि प्रत्येक कडीच्या आतल्या रिंगवरून गोल फिरवा, टोकाच्या कडीपासून सुरुवात करून. रिंग बहुतेक सिरॅमिकची असते. ठीक असेल तर कापूस गुळगुळीत फिरतो. चीर असेल तर एक-दोन तंतू अडकून राहतात. माझ्या रॉडच्या टोकाच्या कडीवर तीन फेऱ्यांत काही झालं नाही, चौथ्यांदा काडी थोडी तिरकी धरली आणि पांढरा धागा मागे राहिला. उन्हात धरलं तरी चीर दिसत नव्हती. बॅटरीचा उजेड बाजूने टाकला तेव्हा बारीक काळी रेघ दिसली. तिथून मासा दोरी ओढायचा तेव्हा प्रत्येक मीटर त्या रेघेवरून खरवडला जायचा. महाग दोरी काय, स्वस्त काय, तिला फरक पडत नव्हता.

टोकाचीच कडी का जाते? दोरी तिथे सगळ्यात जास्त कोनात वळते, आणि रॉड जेटीच्या कठड्याला टेकवून ठेवतो तेव्हा घसरून आपटतं ते तेच टोक. टोकाची कडी गोंदाने चिकटवलेली असते, त्यामुळे ती घरी बदलता येते. जुनी काढायला धातूच्या नळीला थोडीशी ऊब द्यायची. कार्बनच्या रॉडला सरळ ज्योत लावू नका, आतलं रेझिन मऊ पडतं आणि रॉडच हातचा जातो.

रिळावरचा रोलर

स्पूलवर दोरी गुंडाळली जाते तिथे बेलच्या, म्हणजे दोरी स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीच्या टोकाला एक छोटी चाकी असते. ती फिरायला हवी. मीठ जमून अडकली की दोरी एकाच जागी घासत राहते आणि चाकीत खाच पाडते. नुसतं बघून कळत नाही, म्हणून चाकीच्या कडेला मार्करने ठिपका काढा आणि दोरीवर थोडा ताण ठेवून हँडल फिरवा. ठिपका फिरला तर ठीक. जागीच बसून राहिला तर मुख्य दोरीतल्या खरखरीचा उगम सापडला. एक थेंब रीळ-तेल आणि बोटाने दहा फेऱ्या, बऱ्याचदा तेवढ्यावर सुटते. हात लावलाच आहे तर स्पूलच्या ओठावरूनही कापूस फिरवा. तिथे खाच असेल तर दोरी फेकताना तुटते.

फेकतानाच तुटत असेल

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, जड शिसं आणि बारीक दोरी. जुना ठोकताळा असा की प्रत्येक औंस शिशामागे दहा पौंड ताकदीचा पुढचा जाड तुकडा. आपल्या हिशोबात 100 ग्रॅम शिशाला साधारण 16 किलोचा. हा तुकडा इतका लांब हवा की फेकायच्या क्षणी त्याचे चार-पाच वेढे स्पूलवर असतील. नाहीतर जोडावर झटका येतो. गर्दीच्या जेटीवर सुटलेलं शिसं कुणाच्या डोक्यात बसू शकतं, त्यामुळे हे काम उद्यावर ढकलू नका. फेकता फेकता बेल आपोआप बंद होत असेल तर तिची स्प्रिंग थकलीय. ती बदलेपर्यंत जोर कमी लावा.

दोरीचं वय

हे मुद्दाम मागे ठेवलंय, कारण लोक इथूनच सुरुवात करतात. ऊन नायलॉनला खातं. काढलेली दोरी वेटोळी राहते, रंग उडालाय, गाठीवर ओढली की कुरकुरीत तुटते, मग बदला. पण आधी एक काटकसर करून बघा. झिजलेले असतात ते वरचे पन्नास-साठ मीटर. सगळी दोरी दुसऱ्या रिळावर घेऊन उलट भरली की आतली कोरी दोरी वर येते.

अडकलेला गळ सोडवताना

रॉडने हिसके देऊ नका. रॉड दोरीच्या सरळ रेषेत धरा, स्पूल हाताने अडवा, तोंड बाजूला वळवा आणि मागे चालत जा. शिसं सुटून गोळीसारखं परत येऊ शकतं. ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळून ओढायची नाही, बोट कापतं. जाड कापड किंवा लाकडाचा तुकडा घ्या. शिसं थोड्या कमजोर दोरीने बांधत जा, म्हणजे जाईल ते फक्त शिसं, बाकी सगळं परत येईल.

इथे थांबा

कडीचा पाय रॉडला दोऱ्याने आणि रेझिनने बांधलेला असतो. मधली कडी फुटली असेल तर ब्लेडने ते बांधकाम कापायला बसू नका, पातं कार्बनवर ओरखडा काढतं आणि पुढच्या मोठ्या माशाला रॉड तिथेच मोडतो. ते रॉड दुरुस्त करणाऱ्याचं काम. रॉडवर नख फिरवून आडवी चीर लागली, किंवा वाकवल्यावर 'कट्' आवाज आला, तरी त्याच्याकडेच. चिकटपट्टी लावून वापरू नका.

रोलरचा स्क्रू गंजून डोकं घसरायला लागलं, हँडल फिरवताना आतून दाणेदार घरघर आली, किंवा हँडल उलटं फिरायला लागलं, तर रीळ कारागिराकडे द्या. आत बारीक स्प्रिंगा आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात. एक उडून जेटीच्या फळ्यांच्या फटीतून पाण्यात गेली की रीळ निकामी. मी हे करून बसलोय.

अडकलेला गळ सोडवायला खांबावरून खाली उतरू नका आणि पाण्यात तर मुळीच नाही. ओहोटीचा प्रवाह नदीच्या तोंडाशी चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेतो. दोरी बोटीच्या पंख्यात किंवा नांगराच्या दोरखंडात गुंतली असेल तर आपली दोरी कापा आणि बोटवाल्याला सांगा.

गळ डोळ्यात, डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात घुसला तर ओढून काढू नका. दोरी गळाजवळ कापा. गळ डोळ्यात असेल तर कागदी पेला उलटा धरून त्यावर काही टेकणार नाही असं करा, आणि थेट दवाखाना. बोटात अणकुचीपर्यंत रुतलेल्या गळालाही हेच. डॉक्टरांना धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत ते सांगा.